चूक काढायची नाही

बैअत होऊन, म्हणजे पीरांचं शिष्यत्व पत्करून, अकरा दिवस झाले होते, आणि मी भर मजलिसीत, त्यांच्या बैठकीत, आमच्या पीरसाहेबांची चूक काढली.

जुमेरात होती, म्हणजे गुरुवार. मगरिबची, सूर्यास्तानंतरची नमाज आटोपून साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसली होती. हजरत, म्हणजे आमचे पीरसाहेब, खुलताबादच्या बुजुर्ग सूफी संतांविषयी बोलत होते आणि बोलण्याच्या ओघात दोन नावांची अदलाबदल झाली. हजरत बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आधी आले आणि जरजरी जरबक्ष त्यांच्या मागून, असं ते बोलून गेले. मी दुसऱ्या रांगेत होतो. तिथूनच म्हणालो, "हजरत, उलटं आहे. जरजरी जरबक्ष आधीचे. १३०९ साली त्यांचा इंतकाल झाला. बुरहानुद्दीनसाहेब त्यानंतर आले, तुघलकानं राजधानी देवगिरीला हलवली त्या सुमारास. त्यांचं साल १३३७."

सालं बरोबर होती. त्याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. मजलिस चिडीचूप झाली. हजरतांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मास्तर बरोबर सांगतात," ते म्हणाले, "पुढचं आता मास्तरच सांगतील."

आणि मी सांगितलं. वीस मिनिटं बोललो. उभा राहिलो, हातवारे केले, मध्ये दोन शेर म्हटले. लोक ऐकत होते आणि छातीत काहीतरी ऊबदार पसरत चाललं होतं. वर्गात चौतीस वर्षं जे पसरायचं, तेच. निवृत्तीनंतर दहा महिने ते मिळालं नव्हतं. घरी जाताना पाय हलके झाले होते.

दुसऱ्या दिवशी निरोप आला : पुढच्या जुमेरातीपासून मास्तरांनी दारात चपला सांभाळायच्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवलं. घरात दखनी बोलली जायची, शाळेत मात्र पहिल्यापासून मराठी. गावात आमची तीन-चारच घरं. लहानपणी माझ्या 'ण' आणि 'न'ला मुलं हसायची. ते हसू बंद करायचं म्हणून मी असा काही भिडलो की पुढे तालुक्यात शुद्धलेखनाची अडचण आली की लोक माझ्याकडे यायचे. "मुसलमान असून किती शुद्ध मराठी!" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल! प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचायचं आणि त्याच क्षणी फुगायचंसुद्धा. त्या टोचण्याचं आणि फुगण्याचं मूळ एकच आहे, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. खिशाला कायम लाल पेन. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मशिदीतल्या फळ्यावरची सूचना, कुणाचं बोलणं, कशातलीही चूक नजरेतून सुटायची नाही आणि तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहायची नाही.

२०१७ मध्ये निवृत्त झालो. सकाळी साडेनऊला अंग आपोआप तयार व्हायचं आणि जायला जागा नसायची. एक दिवस सैल झालेल्या दोन पॅन्टी घेऊन एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. नवे कपडे ते शिवत नाहीत, फक्त आल्टरचं काम : कंबर घट्ट कर, बाह्या आखूड कर, अस्तर बदल. तेच आमचे हजरत. नाव लिहीत नाही, त्यांना ते रुचणार नाही. चिश्ती सिलसिल्याची, म्हणजे त्या सूफी परंपरेची खिलाफत, मुरीद म्हणजे शिष्य करण्याचा अधिकार, त्यांच्याकडे आहे हे दुकानात बसून कुणाला कळणारही नाही. पॅन्ट घेऊन गेलेला माणूस दीड तास बसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि सहा महिन्यांनी, २०१८ च्या जानेवारीत, त्यांच्या हातात हात देऊन बैअत झाला.

बैअतीचा विधी अगदी साधा. तौबा केली, सिलसिल्याचा शजरा मिळाला, म्हणजे पीरांच्या नावांची साखळी, आपल्या पीरापासून मागे मागे जात पैगंबरसाहेबांपर्यंत पोचणारी. फजर आणि इशा, म्हणजे पहाटेच्या आणि रात्रीच्या नमाजेनंतर म्हणायचा वजीफा, नेमलेला जप, मिळाला. आणि एक श्वासाची साधना : श्वास बाहेर जाताना 'ला इलाह' (कुणी ईश्वर नाही), आत येताना 'इल्लल्लाह' (अल्लाहशिवाय). ओठ हलवायचे नाहीत, जीभ हलवायची नाही, आजूबाजूच्याला पत्ता लागता कामा नये. याला पास-ए-अनफास म्हणतात, श्वासांवरचा पहारा.

भाषेच्या माणसाला इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सूफी ज्याच्याशी झुंजतात त्या 'नफ्स'ला आपण मराठीत सरसकट अहंकार म्हणतो, पण तो शब्द पुरत नाही. नफ्स म्हणजे मीपणा, वासना, जीव, स्वतः, सगळं मिळून. आणि श्वासासाठीचा 'नफस' हा शब्द त्याच धातूतून निघतो. कुरआनात त्याच्या तीन अवस्था येतात. वाईटाकडे ढकलणारा नफ्स, तो सूरह यूसुफ या अध्यायाच्या ५३ व्या आयतीत. स्वतःलाच बोल लावणारा, तो सूरह कियामहच्या सुरुवातीला. आणि निवांत झालेला, त्याला सूरह फज्रच्या अखेरीस हाक मारली आहे की आता आपल्या रबकडे परत ये. अम्मारा, लव्वामा, मुतमइन्ना. तिन्ही शब्द मला तोंडपाठ होते. त्यांवर मी निबंध लिहू शकलो असतो.

चपलांची पहिली जुमेरात मी रुमालानं तोंड अर्धं झाकून काढली. थंडी आहे असं दाखवलं. दारात पत्र्याची पडवी, तिथे लाकडी फळ्या टाकलेल्या. येणारा माणूस चपला काढून आत जायचा. मी त्या उचलायच्या, जोडी फळीवर लावायची, टोकं बाहेरच्या दिशेला करायची, म्हणजे बाहेर येताना माणसाचा पाय सरळ चपलेत शिरला पाहिजे. माझ्या आधी ही खिदमत, ही सेवा, एक हमाली करणारा पीरभाई, त्याच पीरांचा शिष्य, करायचा. त्यानं एकदाच दाखवलं. "पकडायची टाचेकडून," तो म्हणाला, "पट्ट्यानं उचलली तर पट्टा तुटतो. गरिबाची असली तर जास्तच जपून."

घाण वाटली. खोटं कशाला सांगू? कातड्याचा वास हाताला दोन-दोन दिवस राहायचा. पण घाणीचं काही नाही, ती तिसऱ्या आठवड्याला सरली. सरत नव्हतं ते दुसरंच. कुणी चप्पल पायानंच माझ्याकडे सरकवली की कानशिलं तापायची. कुणी "चाचा, जरा इकडे" म्हटलं की आतून आवाज यायचा : मी चाचा नाही, सर आहे.

महिन्याभरानंतर मात्र चपलांकडे बघायला लागलो. एका बाईची चप्पल अंगठ्यापाशी तुटलेली होती आणि तिथे सेफ्टी पिन लावलेली होती, पिनेचं टोक आतल्या बाजूला. दर पावलाला ते तिला टोचत असणार. मी ती पिन काढून उलटी लावली. बाहेर आल्यावर तिनं चप्पल घातली, दोन पावलं गेली, थांबली, खाली बघितलं आणि निघून गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या रात्री वजीफा करताना मला बऱ्याच दिवसांनी रडू आलं. का, ते मला सांगता येणार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण या वाटेवर फसवणूकही फार आहे. पीर म्हणेल ते ऐकायचं याचा अर्थ डोकं गहाण टाकायचं असा नव्हे. जो पीर पैसे मागतो, जमिनीच्या कागदावर सही मागतो, घरच्या बायका-मुलींना एकांतात बोलावतो, त्याच्यासमोरून उठून निघून जावं, मागे वळूनही बघू नये. आमच्या हजरतांनी पॅन्टीच्या शिलाईखेरीज माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. त्यांनी माझा चारचौघांत अपमान केला नाही, कधी आवाज चढवला नाही. अपमानानं नफ्स मरतो असं अनेकांना वाटतं. मी चौतीस वर्षं पोरांना वर्गात उभं करून अपमान केलेला माणूस आहे. त्यानं कुणी नम्र होत नाही. माणूस आतून दडी मारून बसतो.

रमजान संपल्यावर त्यांनी मला दुकानात बोलावलं आणि माझ्या खिशाकडे बोट केलं. "पेन द्या." मी लाल पेन दिलं. त्यांनी गल्ल्यात टाकलं आणि गल्ल्यातलाच शिंप्याचा चपटा खडू माझ्या हातावर ठेवला. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो : "मास्टरजी, हम बी निशान करते. पन खडू से. काम हुआ, धोये, गया."

मग म्हणाले, चाळीस दिवस कुणाची चूक काढायची नाही. तोंडानं नाही, खुणेनं नाही, भुवई उचलूनही नाही. सोमवारी आणि जुमेरातीला रोजा. आणि जुने सूफी जे सांगत आले ते : खाणं कमी, झोप कमी, बोलणं कमी, गर्दीत वावर कमी. रात्री झोपण्याआधी मुहासबा, दिवसाचा हिशेब.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच नऊ वेळा नियम मोडला. वही घातली होती, त्यात नोंद आहे. पेपरातल्या मथळ्यावर मोठ्यानं बोललो. भाजीवाल्यानं केलेली बेरीज दुरुस्त केली, आणि तीही माझ्याच फायद्याची होती. बायको दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर उलथनं आडवं ठेवते, ते "सरळ ठेव" म्हणालो. मग शेजाऱ्याच्या नातवाचा पाढा. असं करत नऊ. माझी समजूत होती की मी दिवसातून दोन-तीनदा चूक काढत असेन, तीही कुणी विचारलं तरच.

सतराव्या दिवशी पहिल्यांदा शून्य लिहिलं. विसाव्या दिवसापासून सलग शून्य. पंचविसाव्या दिवशी वही घेऊन दुकानात गेलो. हजरत बाहीची शिवण उसवत होते, अर्ध्या ब्लेडनं, एकेक टाका. वही उघडून त्यांच्यापुढे धरली. पानं बघून त्यांनी विचारलं, "ही शून्यं कुणी लिहिली?"

"मी."

"कुणाला दाखवायला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी वही मिटून मला परत दिली, शेजारचं स्टूल ओढलं, बाहीचा दुसरा भाग आणि एक ब्लेड माझ्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही उसवत बसलो. उसवण्यातही कसब आहे. घाई केली की कापड फाटतं. टाक्याचा दोरा आधी किंचित वर उचलायचा आणि मगच पातं लावायचं. त्या दिवशी मी दोन बाह्या फाडल्या. त्यांनी बघितलं, आणि चूक काढली नाही.

उसवता उसवता त्यांनी एक हकिकत सांगितली. ती मी पूर्वी वाचलेली होती, पण मला लागू पडते हे कधी सुचलं नव्हतं. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया तरुणपणी अजोधनला (आजचं पाकपट्टण) आपले पीर बाबा फरीद यांच्यापाशी शिकत होते. बाबा 'अवारिफ-उल-मआरिफ' हा सूफींचा ग्रंथ शिकवत होते, पण त्यांच्याजवळची प्रत सदोष होती आणि ते अडखळत वाचत होते. निजामुद्दीन पटकन बोलून गेले की शेख नजीबुद्दीन यांच्याकडे याची चांगली प्रत आहे. बाबा फरीद म्हणाले, या दरवेशात काय सदोष प्रत दुरुस्त करून घेण्याची ताकद नाही? हेच त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं. ते आपल्याला उद्देशून आहे हे निजामुद्दीनांच्या आधी ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं तेव्हा त्यांनी पगडी काढून बाबांच्या पायांवर लोटांगण घातलं. माफी मिळाली नाही. ते रडत बाहेर पडले, विहिरीत जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत मजल गेली. अखेर बाबांच्या मुलानं रदबदली केली. तेव्हा बाबांनी त्यांना जवळ घेऊन सांगितलं की हे सगळं तुझ्या भल्यासाठीच केलं, पीर हा मुरीदाचा साजशृंगार करणारा असतो. अंगावरची वस्त्रं दिली.

ही हकिकत स्वतः निजामुद्दीनांनी सांगितली आणि कवी अमीर हसन सिज्जी यांनी लिहून ठेवली. १३०८ ते १३२२ अशी वर्षं ते आपल्या पीराच्या मजलिसींतलं बोलणं टिपत होते. ती टिपणं म्हणजे 'फवाइद-उल-फुआद'. त्या हसन सिज्जींची कबर आमच्या खुलताबादेतच आहे, माझ्या घरापासून पाऊण तासावर. त्या कबरीवरून मी शंभरदा गेलो असेन.

"निजामुद्दीनांची माहिती चुकीची होती का?" हजरतांनी मला विचारलं.

"नाही. बरोबर होती."

"मग?"

एवढंच विचारून त्यांनी दुसरी बाही घेतली.

चाळीस दिवस संपले तेव्हा तोंडाला बरीच सवय लागली होती. पण डोळ्यांना चुका दिसायच्या त्या दिसतच होत्या आणि मनात त्यांची यादी होत होती. त्यात भर म्हणजे आता मला माझ्या गप्प राहण्याचं कौतुक वाटू लागलं होतं. समोरचा चुकीचं बोलतोय, मला ठाऊक आहे, आणि तरी बघा मी कसा शांत. हा जुन्यापेक्षा घातक प्रकार होता, कारण याला बाहेरून कुणी पकडू शकत नव्हतं.

सफर या इस्लामी महिन्यात, बुरहानुद्दीनसाहेबांच्या उरुसाच्या आसपास, आम्ही खुलताबादला गेलो. रस्त्यापलीकडे जैनुद्दीन शिराजींचा दर्गा आहे, त्याच्या आवारात आलमगीर बादशहाची, म्हणजे औरंगजेबाची, उघडी मातीची कबर. बाहेरगावच्या बसगाड्या तिथेच थांबतात. आम्ही अलीकडे बुरहानुद्दीनसाहेबांच्या चौकात बसलो. एका तरुण पीरभाईनं विचारलं, इतके मोठे वली, म्हणजे संत, यांनाही कधी पीराची नाराजी सोसावी लागली का?

हजरतांनी सांगितलं ते असं. उतारवयात बुरहानुद्दीनसाहेबांना जमिनीवर बसवत नसे, म्हणून ते कांबळ्याची घडी करून तिच्यावर बसायचे. कुणीतरी जाऊन त्यांचे पीर निजामुद्दीन यांच्या कानावर घातलं की बुरहानुद्दीन आता शेखासारखे गादीवर बसायला लागलेत. निजामुद्दीन नाराज झाले, त्यांनी भेट नाकारली. बुरहानुद्दीन घरी जाऊन शोकात बसल्यासारखे बसले. शेवटी अमीर खुसरो गळ्यात पगडी गुंडाळून, अपराध्यासारखे पीरासमोर उभे राहिले आणि मित्रासाठी माफी मागितली, तेव्हा कुठे दार उघडलं.

तरुण म्हणाला, "पण त्यांचं तर काही चुकलंच नव्हतं. पाय दुखत होते."

हजरत त्याच्याकडे बघून हसले, काही बोलले नाहीत. मी मात्र त्या रात्री बराच वेळ त्या घडीचा विचार करत होतो. दुहेरी कांबळ्याची उंची ती काय, बोटभर. माझी घडी कोणती? चपलांच्या फळीशेजारी मी बसायचो ती जागा आठवली. आताशा लोक मला तिथे आदरानं सलाम करायला लागले होते.

त्याचं टोक पुढच्याच महिन्यात आलं. मजलिसीला माझा एक जुना विद्यार्थी आला. मोठ्या हुद्द्यावर आहे, बरोबर चार माणसं. त्यानं बूट काढले, मी हात पुढे केला, आणि तो मला बघून जागीच थबकला. मग वाकून माझे पाय धरले. डोळे भरून आले त्याचे. आत जाऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्या सरांचा दरारा असा होता की आम्ही थरथर कापायचो. आज ते आपल्या चपला सांभाळतायत. एवढी विनम्रता मी कुठे पाहिली नाही."

तो मनापासून बोलत होता, त्याला दोष नाही. पण छातीत तीच ऊब पसरली. वीस मिनिटं बोललो होतो त्या दिवशीची. तशीच, उलट थोडी जास्त. मी चपला लावत होतो आणि कान आतल्या आवाजाकडे होते.

मजलिस उठल्यावर मी स्वतःहून हजरतांना सांगितलं. या एका गोष्टीचं मला समाधान आहे की लपवलं नाही. ते म्हणाले, "चपला बंद. मजलिसही थोडे दिवस बंद. घरात खिदमत करा."

"कुणाची?"

"घरात कोण कोण आहे?"

घरात बायको होती. पस्तीस वर्षांचा संसार. खिदमत म्हणजे काय करायचं, हेच मला उमगत नव्हतं. पहाटे तिच्याआधी उठून चहा ठेवला, तर ती घाबरली. "काय झालं? बरं नाही का तुम्हाला?" तिला खरं सांगायची परवानगी नव्हती. खिदमत सांगितली की तिचं प्रदर्शन होतं. भांडी घासली, तिनं ती पुन्हा घासली. मला एकही शब्द बोलली नाही, मी घासलेल्या कढईचं बूड उलटं करून पाहिलं, राख घेतली आणि पुन्हा घासायला बसली. आयुष्यभर मी लोकांचं लिहिलेलं असंच पुन्हा लिहीत आलो होतो, आणि समोरच्याला ते कसं वाटत असेल हे मला त्या कढईपाशी कळलं. इथे सलाम करणारं कुणी नव्हतं, डोळे भरून येणारा विद्यार्थी नव्हता. तीन महिने गेले. शुक्रवारी तिच्या गुडघ्यांना तेल लावायचो. एका शुक्रवारी ती म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाही ना?" एवढ्या वर्षांनंतरही बोलण्याआधी तिला हे विचारावं लागत होतं. मी म्हटलं, विचार. ती उठली, पेटीतून एक निळं अंतर्देशीय पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

१९९९ सालचं. आमचा मुलगा अकरावीला शहरात वसतिगृहात होता, तिथून त्यानं मला लिहिलेलं. मी ते लाल पेनानं तपासून, पाकिटात घालून त्याला परत पाठवलं होतं. ते मला आठवत होतं. पुढे त्यानं कधी पत्र लिहिलं नाही, हेही आठवत होतं, पण त्या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ते आईकडे दिलं होतं, आणि तिनं एकोणीस वर्षं जपलं होतं. ती म्हणाली, "मला तुमची लाल अक्षरं लागत नाहीत. त्यानं काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा." तिला अक्षरओळख बेताचीच. मीच कधी शिकवली नाही.

वाचायला लागलो. "अब्बा, आठ दिवस ताप होता, आता उतरला. आम्मीला सांगु नका. मला इथ खुप एकट वाटत. तुम्ही एकदा येऊन जाल का."

'सांगु'ला दीर्घ उकार. 'इथ'वर टिंब. 'खुप'ला दीर्घ. 'एकट'वर टिंब, 'वाटत'वर टिंब. शेवटी प्रश्नचिन्ह. खाली माझ्या वळणदार अक्षरात : अनुस्वारांकडे लक्ष दे.

मी गेलो नव्हतो. जाणं सोडाच, त्यानं बोलावलंय हेच माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. प्रश्नचिन्ह देण्यासाठी मी ते वाक्य नक्की वाचलं असणार.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मी हजरतांच्या पायरीवर होतो. पत्र दाखवलं. त्यांना मराठी वाचता येतं, सावकाश. वाचून त्यांनी घडी केली आणि विचारलं, "याचं उत्तर दिलं का?"

"तेव्हा? नाही."

"मग देणं बाकी आहे."

मी म्हटलं, एकोणीस वर्षं झाली, आता मुलाची माफी मागतो, फोन करतो, पुण्याला जाऊन भेटतो. ते म्हणाले, माफी मागायलाही मोठा आवाज लागतो, त्यातही तुम्हीच दिसाल. त्यानं विचारलंय त्याचं उत्तर द्या.

उत्तर लिहायला सहा दिवस लागले. पहिल्या पाच दिवसांतलं सगळं फाडलं, कारण त्यात माझ्या पश्चात्तापाचं वर्णन फार चांगलं उतरलं होतं. सहाव्या दिवशी लिहिलं ते सात ओळींचं : "तुझं पत्र वाचलं. ताप उतरला हे बरं झालं. आम्मीला सांगितलं नाही असं लिहिणार होतो, पण तिला सगळं ठाऊक होतं. तू एकटा होतास आणि मी यायला हवं होतं. आलो नाही. आता यायचं म्हटलं तर कधी येऊ? तू सांगशील तेव्हा येतो." निळ्या पेनानं लिहिलं. हजरतांना दाखवायला नेलं, तर त्यांनी हात मागे घेतला. "ते माझं पत्र नाही." पेटीत टाकून आलो.

तीन आठवडे काही आलं नाही. त्या तीन आठवड्यांत श्वासावरचा पहारा कितीदा सुटला, सांगता येणार नाही. बाहेर 'ला इलाह', आत 'इल्लल्लाह', आणि मध्येच : अजून का लिहीत नाही, मी एवढं लिहिलं तरी का लिहीत नाही. 'मी एवढं' हे शब्द ऐकू आले की थांबायचो आणि पुन्हा पहिल्या श्वासापासून.

मग एका रात्री, इशानंतर, फोनवर त्याचा संदेश आला. लांबलचक, एका दमात टाइप केलेला. पहिल्याच ओळीत 'खुप' होतं, पहिल्या उकारानं, तेव्हा होतं तसंच. दिसलं. पुढची ओळ वाचली. मुलीला दोन दात आलेत, खालचे, आणि ती चमचा चावत बसते. पत्र कपाटात ठेवलंय. तुम्ही येऊ नका, तुमच्या गुडघ्यांना प्रवास झेपणार नाही, मीच येतो, रमजानच्या आधी. आम्मीला सांगु नका, तिच्यासमोर एकदम जाऊन उभं राहायचंय.